बारशात उसवलेलं दुपटं

मी एक लोकरीचं दुपटं बोलतोय. पण आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही. ज्याला एकदा अर्ध्यापर्यंत उसवून पुन्हा विणलं, त्याच्या आठवणी जागच्या जागी राहिल्या असतील कशावरून? साल एकोणीसशे चौतीस होतं की पस्तीस, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. पौष होता की माघ, तेही नाही. थंडी होती एवढं नक्की, कारण थंडीसाठीच तर मला विणलं होतं.

मी पिंपळीचा. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. पाटाचं पाणी असल्यामुळे तिथं ऊस व्हायचा, माळवं व्हायचं. अशाच एका बागायती घरातली थोरली सून जयवंता, हिनं मला विणलं. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. धाकटी जाऊ फुलाबाई मात्र घरात येऊन स्थिरावते न स्थिरावते तोच पोटुशी राहिली. जयवंतेला त्याचा आनंद झाला होता, हे मी शपथेवर सांगेन. पण तो दाखवायचा कसा, हे तिला कळत नव्हतं. मूल नसलेल्या बाईनं फार आनंद दाखवला तरी लोक संशयानं बघतात.

पाटबंधाऱ्याच्या बंगल्यावर ती वांगी, मेथी द्यायला जायची. तिथल्या ओव्हरसिअरांची बायको, सगळे तिला माई म्हणत, पायरीवर बसून क्रोशानं काहीबाही विणत असायची. एके दिवशी जयवंतेनं भाजीची पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "माई, ह्ये मला जमंल का वो?"

"न जमायला काय झालं? आधी साखळी घालायची. मग तिच्यावर मुके खांब, म्हणजे आखूड टाके. एवढंच."

"खांब आन् मुका?"

"बोलका पुढच्या वेळी शिकवते," माई हसली.

लोकर धनगराची. उन्हाळ्यात यांच्या रानात मेंढरं बसवली होती. त्या मेंढरांची मालकीण, झुंबर, चातीवर लोकर कातायची. तिनं काळ्या लोकरीचे जाडजूड गुंडे जयवंतेला दिले. धागा जवळजवळ करंगळीएवढा. माईची बारीक सुई त्यात शिरेचना. मग जयवंतेच्या नवऱ्यानं, जोतीरामनं, बोरीच्या फांदीची सुई तासून दिली.

"ही सुई म्हनायची का वैरण उपसायचा आकडा?" तो म्हणाला.

"गप बसा. कुनी ऐकंल."

म्हणून मी घरात विणला गेलोच नाही. मी बांधावर विणला गेलो, मिरचीची राखण करता करता. आणि खरं सांगायला मला संकोच वाटतो, पण मी वाईट विणला गेलो. ओळ संपली की उलटताना कडेचा शेवटचा खांब लोकरीत लपायचा. जयवंतेला तो दिसायचाच नाही. तो राहून जायचा. दर ओळीला असाच एकेक खांब गळत गेला. सुरुवातीला मी ऐसपैस होतो, शेवटाकडे अरुंद होत गेलो. ज्या दिवशी तिनं मला प्रथमच मांडीवर पसरलं, त्या दिवशी तिनं माझ्या दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "सूप झालं की रे तुजं."

माईनं शिकवलं होतं की शेवटी लोकर कापायची, टोक फासातून ओढायचं आणि गाठ पक्की करायची. जयवंतेनं लोकर कापली. टोक ओढलं नाही, गाठही मारली नाही. कारण सासूनं, बनाबाईनं, कधीचं बजावून ठेवलं होतं. घरात कुणी पोटुशी असली की होणाऱ्या पोराच्या वस्तूला गाठ मारायची नाही. बाई बाळंतपणात अडते. फुलाबाई तर पहिलटकरीण, बाळंतपणाला शेळगावला माहेरी गेलेली. जयवंतेनं त्या उघड्या फासात एक काडी खोचली आणि मला घडी करून उतरंडीमागं ठेवलं. फुलाबाई मोकळी झाली की गाठ मारायची, असं तिनं ठरवलं होतं.

फुलाबाईला मुलगा झाल्याचा निरोप आला. घरात साखर वाटली. जयवंतेनं मला बाहेर काढलं आणि ती गाठ मारायला बसणार, एवढ्यात बनाबाई आत आली.

"ह्ये काय?"

"पोरासाटी इनलंय, आत्याबाई."

"काळं? बारशाला?"

"धनगराची लोकर हाय. देवाला बी चालती की."

बनाबाईनं मला तिच्या हातातून घेतलं. जोरानं नाही. हळूच घेतलं, आणि तेच मला जास्त लागलं. "चालंल. पन आता तू नको हात लावूस. बारसं हुईस्तवर तरी नको. लोक काय म्हनत्याल?"

"येक गाठ तेवडी ऱ्हायलीय..."

"मला कळत न्हाय व्हय? गाठीबिठी मी बगती."

आणि ती विसरली. मी तिला दोष देत नाही. कुंची, अंगडं, वाळे, फुलाबाईची साडी, विहिणीची ओटी, शंभर कामं होती तिला. पण मला माहीत होतं. गाठोड्यात अंगड्याखाली दडपलेला मी, एवढं माहीत असून गप्प होतो. दुपट्याला तोंड नसतं, ही सबब मी आजवर स्वतःला देत आलोय. शेळगावच्या वाटेवर बैलगाडीला हिसके बसत होते आणि त्यात ती काडी कुठंतरी गळून पडली. कुठं, ते सांगता येत नाही. मी तिला घट्ट धरायला हवं होतं.

शेळगावला फुलाबाईच्या माहेरी ओसरी बायकांनी गच्च भरली होती. मधोमध पाळणा. गाठोडं सुटलं आणि मी पसरला गेलो, तेव्हा पहिलं हसू उमटलं.

"आगं, ह्येचं एक टोक उंदरानं खाल्लं का?"

"दुपटं हाय का सूप?"

"सूपच म्हना. पाखडून घ्या पोराला!"

जयवंता दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती त्या बायकांबरोबर थोडं हसली. तसं हसणं मी पुढं कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

थंडी होती म्हणून पोराला माझ्यातच गुंडाळलं. मग गोविंद-गोपाळ म्हणत एकीनं पाळण्यावरून द्यायचं, दुसरीनं पाळण्याखालून घ्यायचं, ते सुरू झालं. पाळण्याच्या पायाशी एक खिळा वर आलेला होता. माझं मोकळं टोक त्यात अडकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पोर वरून गेलं, खालून आलं, पुन्हा वरून गेलं. प्रत्येक फेऱ्याला माझी एकेक ओळ सुटत होती आणि पाळण्याभोवती गुंडाळली जात होती. धनगरी लोकर एरवी एकमेकीला चिकटून राहते. पण जयवंतेची वीण भीतभीत घातलेली, सैल. मी थांबायचा प्रयत्न केला. मला थांबता आलं नाही.

"आगं थांबा, थांबा!" फुलाबाईची चुलती रंगूबाई ओरडली. गावातली बाळंतपणं हीच करायची. "पोराच्या अंगावर काय ऱ्हायलंय का बगा!"

पोराचे पाय उघडे पडले होते. आणि पाळण्याला वरून खालून काळ्या लोकरीचे वेढेच वेढे बसले होते. इथं माझी आठवण डळमळते. बायका आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या, की आधीच गप्प झाल्या, हे मला कळत नाही. पण गप्प झाल्या.

"काळ्या दोऱ्यानं पाळणा बांदला की गं," कुणीतरी हळूच म्हणालं.

रंगूबाईनं विचारलं, "कुनी इनलंय ह्ये?"

बनाबाईनं पदर सारखा केला. "थोरलीनं. आमी नगं म्हनत हुतो."

"जिला पोटचं न्हाय, तिच्या हातचं कशापायी आनलं बारशाला?" रंगूबाई म्हणाली. "आता ह्या पोराला तिनं शिवायचं न्हाय. आज न्हाय आन् फुडं बी न्हाय. सांगून ठिवती विहिणबाई."

बनाबाईनं मान डोलावली. जयवंतेच्या हातातला तांब्या तिरका झाला आणि पाणी तिच्याच पायावर सांडलं. एक शब्द बोलली असती, तर सासूचं नाव पुढं आलं असतं. ती बोलली नाही.

भिंतीला टेकून बसलेली फुलाबाई मात्र माझ्या लोंबत्या टोकाकडे बघत होती. तिनं ते बोटांत धरून पाहिलं.

"अक्का, ह्येला गाठ मारायची ऱ्हायली का गं?"

"ऱ्हायली न्हाय. मारली न्हाय."

"का बरं?"

जयवंता खाली बघत म्हणाली, "तू अडली असतीस म्हंजी? म्या तिकडं गाठ मारायची आन् तुजा जीव हिकडं टांगणीला. माजं न्हाय धाडस झालं."

बनाबाई पाळण्याच्या दोरीकडं बघत होती. रंगूबाईनं मांडी बदलली, नाक ओढलं.

"हिच्या कळा सुरू झाल्या तवा," ती म्हणाली, "घरातली एकूण एक गाठ मी सोडली. पेटाऱ्याची सोडली, दाव्याची सोडली. म्हसरं गावभर हिंडत हुती. हिच्या बापानं शिव्या घातल्या मला."

एक बाई फिसकन हसली. रंगूबाई हसली नाही. तिनं पोर उचललं, दारापाशी गेली आणि काही न विचारता जयवंतेच्या पुढ्यात बसकण मारली. "बस खाली. ह्ये घे. आन् तुजं ह्ये जंजाळ आदी पाळण्याचं सोडव."

"माज्याकडं नगं," जयवंता मागं सरकली.

"बस म्हनते ना!"

जयवंता बसली. पोर तिच्या मांडीवर आलं. पण तिनं त्याला हात लावला नाही. दोन्ही हात वर उचलून, त्याला चुकूनही स्पर्श होणार नाही अशा बेतानं ती लोकर गुंडाळू लागली. मांडीवर मूल आणि हात अधांतरी. मी अर्धा उरलो होतो, त्या पोराच्या पोटापर्यंत कसाबसा पोचत होतो. माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली असेल, तर त्या वर उचललेल्या हातांची. ते माझ्यामुळे तसे झाले होते.

मग पोरानं पायावर गार लागल्यावर पोरं करतात ते केलं. धार थेट लोकरीच्या गुंड्यावर. "आगं बाई!" म्हणत जयवंतेनं त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. ओसरीभर हशा पिकला. या वेळी हसणं वेगळं होतं, असं मला वाटलं. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल.

पोराचं नाव कुंडलिक ठेवलं. पंगत बसली तेव्हा जयवंता मागच्या पडवीत ओल्या लोकरीनं मला पुन्हा विणत होती. खांब या खेपेलाही गळत होते. शेवटचा फास आला तसं तिनं मला फुलाबाईपुढं धरलं.

"गाठ तू मार."

"मला कुटं येतंया?"

"बैलाला दावं बांदतीस तशी मार. माज्या हाताची नगं."

फुलाबाईनं दाव्याची गाठ मारली. बोराएवढी टणक. परतीच्या गाडीत, पिंपळी दिसायला लागली तेव्हा, बनाबाई एवढंच म्हणाली, "पोराची कुंची घ्यायची ऱ्हायली वाटतं." कुंची शेळगावलाच ठेवायची होती, हे तिलाही माहीत होतं.

माझं पुढचं आयुष्य सांगण्यासारखं नाही. मी कुंडलिकच्या अंगाला बोचायचो. त्याच्या पाठीवर पुरळ उठलं, ते माझ्यामुळेच. तो चालायला लागल्यावर मी विरजणाच्या गाडग्याभोवती गुंडाळला गेलो, मग गळक्या कौलाखाली, मग उसाच्या गाडीत बसायला. पाहुणे आले की बनाबाई मला आत टाकायची. बनाबाई जाईपर्यंत ती आणि जयवंता एका चुलीवर राबल्या, पण त्या बारशाचा विषय कधी निघाला नाही. जयवंतेनं कुंडलिकला वाढवलं, मांडीवर घेतलं, मारलंही. पण क्रोशाची ती बोरीची सुई मी पुन्हा घरात पाहिली नाही. माझी खात्री झाली, की माझ्या फजितीनं तिचा हात कायमचा आखडला. ही बोच मी वर्षानुवर्षं उराशी धरून होतो.

आता मी एका पत्र्याच्या पेटीत आहे. कसर लागली आहे, कडेला भोकं पडली आहेत. मी फार काळ टिकणार नाही, आणि टिकावं अशी माझी फारशी मागणीही नाही. एवढीच विनंती करतो, की घरात कुणी प्रथमच काही विणून आणलं आणि ते वाकडं असलं, तर सगळ्यांसमोर ते पसरून बघू नका. विणणारी दारातच उभी असते.

पण एक सांगायचं राहिलं. कुंडलिकचं लग्न निमगाव केतकीच्या मुलीशी झालं. नाव नकोशी. पाचवी मुलगी, म्हणून आईबापांनी ठेवलेलं. तिच्या पेटीत एक जाड लोकरीचं दुपटं निघालं, करड्या रंगाचं, कडा अगदी सरळ. तिनं ते माझ्यावर ठेवलं.

"माज्या जल्माच्या येळंला धनगराच्या झुंबरनं आनून दिलं," ती फुलाबाईला सांगत होती. "आई म्हनायची, आमच्याकडं कुनी बगायला बी आलं न्हवतं. येवडं येकच दुपटं आलं."

"इनलं कुनी?"

"झुंबर सांगायचीच न्हाय. इनणारीनं शपथ घातलीय म्हनायची."

फुलाबाईनं वळून जयवंतेकडं बघितलं. जयवंता तांदूळ निवडत होती. केस पार पिकले होते. बनाबाईला जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"अक्का?"

"व्हय," ती मान वर न करता म्हणाली. "माजंच हाय."

पुढं झुंबर घरी आली तेव्हा फुलाबाईनं तिलाही खोदून विचारलं, म्हणून मी हे खात्रीनं सांगू शकतो. निमगावपासून शेळगावपर्यंत कितीतरी पोरं जयवंतेच्या हातच्या लोकरीत वाढली होती, आणि त्यांतल्या एकाही आईला तिचं नाव कळू दिलेलं नव्हतं.