गंगेकडे जाणारी पाणंद आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी सायकल आहे. स्वतःबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. पण एका रस्त्याची हकिगत माझ्याइतकी नेमकी कुणालाच ठाऊक नाही, म्हणून बोलते आहे.

माझे सुटे भाग परभणीच्या एका दुकानात जुळवले गेले. मिस्त्रीने मला उलटी करून चाक फिरवलं, एक डोळा मिटून त्याच्या कडेकडे पाहिलं आणि 'सरळ फिरतंय' एवढंच म्हणाला. पालम तालुक्यातल्या एका लहान गावचे किराणा दुकानदार रेवणप्पा मला चालवत घरी घेऊन आले. रोज सकाळी लिंगपूजा झाली की ते मला ओल्या फडक्याने पुसायचे. मग बाजाराच्या दिवशी कॅरिअरवर गुळाची ढेप आणि हँडलला तेलाचा डबा लावून आम्ही पालमहून परत यायचो. अठरा वर्षं हे चाललं. पुढे मोटारसायकल आली. मी दुकानामागच्या खोलीत गेले आणि माझ्या हँडलला कांद्याच्या माळा लटकू लागल्या.

नऊ वर्षांनी मला बाहेर काढलं ते त्यांच्या मुलीने, ऋतुजाने. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती घरी आली होती. परभणीचे काही हौशी सायकलस्वार रविवारी डांबरी रस्त्याने यायचे, दुकानात पाणी प्यायचे आणि त्याच रस्त्याने परतायचे. ट्रकांचा धूर खात एवढ्या लांब येऊन यांनी आपला भाग पाहिलाच नाही, असं तिला वाटायचं. म्हणून तिने गावाभोवती सायकलने फिरण्याचे मार्ग आखायला घेतले.

तिची पद्धत साधी होती. जमिनीवर खडूची खूण करून तिने माझं चाक एक पूर्ण फेरी फिरवलं आणि अंतर टेपने मोजलं. दोन मीटर बावीस सेंटिमीटर. म्हणजे साडेचारशे फेऱ्यांना एक किलोमीटर, फक्त एक मीटर कमी. मग तिने चाकाजवळ प्लास्टिकची पट्टी बसवली. दर फेरीला ती 'टक्' वाजे आणि ऋतुजा मोजत असे.

असे तीन मार्ग तयार झाले. त्यातला सर्वांत सुंदर गंगाकाठाचा. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गावच्या वेशीपासून गंगेपर्यंत जुनी पाणंद होती, दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी मातीची गाडीवाट. एक हजार आठशे नव्वद फेऱ्या, म्हणजे चार किलोमीटर आणि जवळजवळ दोनशे मीटर. कुठेही दम लागेल असा चढ नाही. एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला करडईची पिवळी फुलं आणि शेवटी पाणी.

या वाटेवर आम्हाला रोज भिवराबाई भेटायच्या. साठेक मेंढरं घेऊन त्या याच पाणंदीने गंगेवर जायच्या. आम्ही बाजूला उभ्या राहायचो. मेंढरं माझ्या चाकांना अंग घासत पुढे जायची.

फेब्रुवारीत परभणीहून नऊ जण आले. शिवम्मांनी, म्हणजे ऋतुजाच्या आईने, धपाटे आणि दही दिलं. हेल्मेट घातलेली ती रांग पाहून भिवराबाई म्हणाल्या, "टोपली डोक्यावर घेऊन निघालेत समदे, अन् टोपल्यात काईच न्हाई." सगळे हसले. परतताना एकाने माझ्या घंटीचं कौतुक केलं. त्या दिवशी मी फार आनंदात होते. इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

त्याच पाहुण्यांपैकी एकाने सहज विचारलं होतं, वाटेत दोन सायकली शेजारून जातील एवढी जागा सगळीकडे आहे का? ऋतुजाला हा प्रश्न योग्य वाटला. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुततं, म्हणून सायकलफेऱ्या बंद होत्या. पाऊस ओसरल्यावर तिने दर शंभर मीटरला पाणंदीची रुंदी मोजली. नव्या नकाशावर खुणेला झाडं आणि शेतकऱ्यांची नावं घातली, शेजारी फूट-इंच लिहिले, कोपऱ्यात जुन्या गावनकाशावरची रुंदीही दिली: सोळा फूट. आणि नकाशा एसटी थांब्याच्या भिंतीवर लावला.

मित्रांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे नांगरट करताना पाणंदीलगतचा शेतकरी दर वर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, वाटेत घालतो. एकच. समोरचाही एकच घालतो. सगळ्यांना हे माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. अशीच सोळा फुटांची वाट कुठे नऊ फूट, कुठे सहा फूट उरलेली असते. ऋतुजा याच गावात वाढली होती, तिलाही हे माहीत होतं. पण आकडा म्हणजे बोलणं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणंदीलगतच्या शेताचे दत्तराव दुकानात आले. मी खांबाला टेकून उभी होते.

"आप्पा, पोरगी नकाशा काढायलीय का पंचनामा करायलीय?"

रेवणप्पांनी ऋतुजाला हाक मारली. ती म्हणाली, तिने फक्त रुंदी लिहिली आहे, कुणावर काही आरोप केलेला नाही.

"माझ्या आंब्याजवळ सहा फूट लिवलंस," दत्तराव म्हणाले. "आंबा माझा. मग बाकीचे धा फूट कुनी खाल्ले, हे वाचणाऱ्याला कळत न्हाई का? तेवढा आकडा खोड, माय. रस्ता वापरा, कोन नको म्हणायलंय?"

"खोडून वाट रुंद होनार न्हाई, काका. मोजलंय ते मोजलंय."

दत्तराव उठले. चहा अर्धा ठेवून गेले. रेवणप्पांनी तिला सांगून पाहिलं की आकडे काढ, माणसं राख. ती म्हणाली, चुकीचा असता तर काढला असता.

गावात बोलणं पसरलं. कुणी म्हणालं, आता हा कागद तहसिलीत जाणार. कुणी म्हणालं, मोजणी होणार, नोटिसा येणार. प्रत्यक्षात कागद कुठेच गेला नव्हता. पण पाणंदीच्या कडेच्या अकरा शेतकऱ्यांनी ठरवलं की मोजायला काही उरूच नये.

रब्बीच्या पेरणीआधी एका दुपारी दोन ट्रॅक्टर आले. कळताच ऋतुजा मला घेऊन धावत सुटली. आम्ही पोहोचलो तेव्हा वेशीपासून आंब्यापर्यंतची वाट नांगरून झाली होती. काळी ढेकळं दोन्ही शेतांना मिळून गेली होती. वाट कुठे होती हे मलाही दाखवता आलं नसतं. सूर्य मावळायच्या आत उरलेलीही गेली. पाठोपाठ हरबरा पेरला गेला.

ऋतुजाने थांब्यावर जाऊन नकाशावरचे आकडे एकेक करून खोडले, मग तो कागद घेऊन ती दत्तरावांकडे गेली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद हातातही घेतला. म्हणाले, "आता खोडून काय करू? माझी गाडीबी याच वाटेनं जायची. आता हरबरा डोक्यावर आनावा लागंल. पर अकरा जनात मी एकटा माघारी कसा फिरू?"

पाणंद गेल्यामुळे भिवराबाई मेंढरं डांबरी रस्त्याने लांबच्या पाण्यावर नेऊ लागल्या. ते दिवस उसाच्या वाहतुकीचे. कारखान्याकडे निघालेल्या एका भरलेल्या ट्रॉलीला वळणावर थांबता आलं नाही. सात मेंढरं गेली. उरलेली बिथरली, काही गाभण होती ती गाभडली. महिनाभरात भिवराबाईंनी कळप विकला आणि त्या मजुरीला जाऊ लागल्या.

एकदा त्या मीठ घ्यायला दुकानात आल्या. ऋतुजा खाली पाहत पुडी बांधत होती. भिवराबाई रागावल्या नाहीत, हे सगळ्यात वाईट होतं. त्यांनी फक्त विचारलं, "माय, तुझ्या कागदावर समदं लिवलं होतंस म्हनं. झाडं, शेतं, फूट. माझी मेंढरं कुठं लिवली होतीस का?"

ऋतुजाने पुडी पुढे केली. तिने पाहुण्यांच्या सायकलींसाठी मोजलं होतं. रोज चालणाऱ्यांसाठी कुणीच मोजलं नव्हतं, तिनेही नाही.

ती आता पुण्याला एका प्रयोगशाळेत काम करते. फोनवर गावाचं विचारते, पाणंदीचं विचारत नाही. परभणीचे सायकलस्वार पुन्हा आले नाहीत. मी मागच्या खोलीत आहे. टायरांत हवा नाही, रिमवर गंज आहे. लोखंडाला ओल आणि हवा मिळाली की गंज चढतो. त्यात कुणाचा दोष नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

मित्रांनो, मला पुसा, मला तेल घाला, असं मी म्हणणार नाही. माझ्या जागी दुसरी सायकल विकत मिळेल. तुमच्या गावातही अशी एखादी वाट असेल, जिच्यावर कुणाची मालकी नाही आणि जिच्यावाचून कुणाचं तरी पोट चालत नाही. तिची आखणी करायला निघालात, तर आधी तिच्यावरून रोज जाणाऱ्याला भेटा. आणि तुमचं शेत तिच्या कडेला असेल, तर नांगराच्या एका तासाने काय होतं असं म्हणू नका. आमच्याकडे अकरा घरं हेच म्हणत होती. या वर्षी हरबरा चांगला आला आहे. गंगेला जायला मात्र गावातून वाट नाही.