एका दाढेच्या दोन नोंदी

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझ्या वहिनीच्या माहेरच्या दोन पिढ्यांचं त्यावरच भागलं. वडील दातांचे डॉक्टर, वहिनी दातांची डॉक्टर, तिचा धाकटा भाऊही तोच. वडील गेले तेव्हा मागे एक दवाखाना राहिला आणि पेशंटची एकच खुर्ची. सहा महिने दोघांनी ती खुर्ची वाटून घेऊन पाहिली, मग धाकट्यांनी नदीपलीकडे स्वतःचा दवाखाना थाटला.

पेशंटांना या वाटणीचं काही देणंघेणं नव्हतं. राहायचे एका काठाला, नोकरी दुसऱ्या काठाला. सकाळी वहिनीकडे एक्स-रे काढायचे आणि संध्याकाळी पूल ओलांडून धाकट्यांना म्हणायचे, ‘तुमच्या ताईंकडे असेल ना, बघा की.’ असाच एक जण धाकट्यांकडे दाढ दुखते म्हणून गेला. त्याला कोणतं औषध चालत नाही हे वहिनीच्या कॉम्प्युटरवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. धाकट्यांच्या कॉम्प्युटरवर नव्हतं. त्यांनी नेमकं तेच दिलं, आणि तो बिचारा दोन दिवस भोपळ्यासारखा सुजून घरी बसला. तिसऱ्या दिवशी बहीण-भाऊ दोघांनीही मला फोन केला. वेगवेगळा.

मी डेटाबेस सांभाळायचं काम करते. त्यात नात्याने नणंद, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. रविवारी सकाळी वहिनीच्या दवाखान्यात दोघांना समोरासमोर बसवलं.

‘सोपं आहे,’ मी म्हणाले. ‘दोन दवाखान्यांत दोन सर्व्हर. एक मुख्य, दुसरा त्याची प्रत.’

‘मुख्य माझा,’ वहिनी म्हणाली.

‘म्हणजे मी प्रत?’ धाकटे म्हणाले. ‘लहानपणापासून हेच. हिचे गणवेश, हिची पुस्तकं, आता हिचा डेटाबेस.’

‘गणवेश तुला कधी दिला रे? मी फ्रॉक घालायचे.’

‘पुस्तकं तर दिलीस. उत्तरं लिहिलेली.’

अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की, या घरात एकतर्फी काही चालणार नाही. मग रिप्लिकेशन दोन्ही बाजूंनी करायचं ठरलं. इथे लिहिलेलं तिथे जाईल, तिथलं इथे येईल, मोठं कोणी नाही, धाकटं कोणी नाही. सांगायला छान वाटतं. करायला बसलं की जीव जातो.

पहिली भानगड पेशंटच्या नंबरांची. दोन्हीकडे नवा पेशंट आला की, एकच नंबर दोघांना मिळायचा. म्हणून वहिनीकडे एक, तीन, पाच आणि धाकट्यांकडे दोन, चार, सहा असं लावून दिलं.

‘एक नंबर तिचा आणि दोन नंबर माझा,’ धाकटे म्हणाले. ‘बरं. चालू द्या.’

दुसरी भानगड जुन्या पेशंटांची. एकशे बारा जण दोन्हीकडे सापडले. एका बाईंचं वय वहिनीकडे सेहेचाळीस होतं आणि धाकट्यांकडे एकोणचाळीस. एक गृहस्थ वहिनीकडे कधीच सिगारेट ओढत नव्हते, धाकट्यांकडे त्यांनी ती दोनदा सोडली होती. हे सगळं मी एकेक करून जुळवलं. बाईंचं वय मोठं ठेवलं, मला त्यांची भीती नव्हती.

तिसरी भानगड माझी. आलेला बदल परत पाठवायचा नाही, हे दोन्ही सर्व्हरना सांगायला मी विसरले, आणि चाचणीच्या दिवशी एका पेशंटचा बदललेला फोन नंबर चार हजार वेळा पूल ओलांडून आला-गेला. ते दुरुस्त केलं आणि कोणाला बोलले नाही.

शेवटी वहिनीने विचारलं, ‘दोघांनी एकच नोंद बदलली तर कोणाचं राहणार?’

‘ज्याने शेवटी लिहिलं त्याचं.’

‘हं,’ ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

तीन आठवडे बरे गेले. मग एका मंगळवारी सकाळी धाकट्यांचा फोन. ‘तुमची वहिनी मी लिहिलेलं पुसते आहे. या आणि डोळ्यांनी बघा.’

प्रकरण त्यांच्या आईच्या दाढेचं होतं. काकूंची खालची उजवीकडची दाढ महिनाभर ठणकत होती. त्या एक दिवस मुलीला दाखवायच्या, दुसऱ्या दिवशी मुलाला. मुलगी म्हणे दाढ काढायची. मुलगा म्हणे रूट कॅनाल करून वाचवायची. आणि आता फाईल एकच झाल्यामुळे दोघांनाही दिसत होतं की, दुसरा काय म्हणतो.

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. धाकट्यांनी काकूंच्या नोंदीत ‘काढणे’ खोडून ‘रूट कॅनाल’ लिहिलं. आम्ही पाहत राहिलो. दहा सेकंदांत तिथे पुन्हा ‘काढणे’ आलं.

‘बघितलंत?’ ते म्हणाले. ‘दबा धरून बसलेली असते.’

मी वहिनीला फोन लावला. ‘आत्ता काकूंच्या फाईलला हात लावलास?’

‘माझे दोन्ही हात एकाच्या तोंडात आहेत,’ वहिनी म्हणाली. फोन बहुधा नर्सने तिच्या कानाशी धरला होता. ‘दहा मिनिटांपूर्वी लिहिलं ते शेवटचं. का?’

मी त्या नोंदीवरची वेळ काढली. अकरा वाजून पंचवीस. म्हणजे वहिनीची नोंद चक्क भविष्यातून आली होती. धाकटे अकरा-दहाला लिहोत की अकरा-वीसला, सर्व्हरच्या मते वहिनीनेच शेवटी लिहिलेलं.

मी तशीच पूल ओलांडून वहिनीच्या दवाखान्यात गेले. भिंतीवरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे होतं, आणि सर्व्हरचंही.

‘त्याशिवाय इथे वेळेवर कोण येतं?’ वहिनी म्हणाली. ‘पेशंट येत नाहीत, नर्स येत नाही.’

‘अगं, पण कॉम्प्युटरचं घड्याळ आपोआप बरोबर होतं.’

‘व्हायचं ना. म्हणून तर मी ते बंद केलं.’

मला राग यावा की हसू, कळेना. ‘तुला माहीत होतं? याने तुझंच राहील म्हणून?’

ती हातमोजे काढत होती. ‘पहिल्या दिवशी नव्हतं माहीत,’ ती म्हणाली. ‘दुसऱ्या आठवड्यात कळलं.’ आणि जरा थांबून, ‘आईला साखरेचा त्रास आहे गं. ती दाढ आतून पोखरली आहे. हा वाचवायला जाईल आणि मग ताप येईल, सूज येईल. बाबांच्या वेळीही याने थांबू या, थांबू या केलं.’

आपलेच दात, आपलेच ओठ. मी दोन्ही घड्याळं बरोबर केली आणि नियमही बदलला. उपचाराच्या बाबतीत दोघांचं पटलं नाही तर यापुढे कोणीच जिंकणार नाही. दोन्ही नोंदी लाल होऊन शेजारी शेजारी बसतील आणि दोघं बोलून मिटवेपर्यंत तशाच राहतील.

पहिली लाल नोंद काकूंचीच. ती मिटवायला रविवारी दुपारी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. दोघांनी आपापले एक्स-रे आणले होते. काकू सोफ्यावर बसून ऐकत होत्या, एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत. वीस मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

‘झालं तुमचं?’ त्या म्हणाल्या आणि तोंड उघडलं.

दाढेच्या जागी भोक होतं.

‘आठ दिवस झाले,’ काकू म्हणाल्या. ‘बाजाराच्या कोपऱ्यावर एक नवी डॉक्टरीण आली आहे. तिला भाऊ-बहीण कोणी नाही. मी आधी विचारून घेतलं.’

दोघांचीही दातखीळ बसली. वहिनीचे डोळे भरून आले, ते तिने एक्स-रे पाकिटात घालायच्या निमित्ताने खाली वळवले. धाकटे आधी भानावर आले. त्यांनी मोबाईलचा दिवा लावला आणि आईची हनुवटी धरली. मग वहिनीही वाकली. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली.

‘सूज नाही,’ धाकटे म्हणाले.

‘टाका नीट आहे,’ वहिनी म्हणाली. ‘आई, गोळ्या घेतेस ना?’

‘आधी माझा जबडा सोडा,’ काकू म्हणाल्या.

परत जाताना गाडीत धाकटे म्हणाले, ‘काढायलाच हवी होती, ताई. तुझं बरोबर होतं.’

‘पण आपल्यातल्या कोणाकडे आली नाही ना ती,’ वहिनी म्हणाली.

आता दर शुक्रवारी दुपारी लाल नोंदींची यादी दोघांकडे जाते. वीस मिनिटं फोनवर भांडण होतं, मग आईची चौकशी होते, मग पुन्हा भांडण. वहिनीची नर्स हल्ली रोज उशिरा येते आणि त्याचं खापर माझ्यावर फुटतं. परवा काकूंना त्याच डॉक्टरणीकडे शेजारची दाढ दाखवायची होती. वहिनीने त्यांना गाडीने दारापर्यंत सोडलं, आणि जुने एक्स-रे धाकट्यांनी आधीच पाठवून ठेवले होते.