ड्रमावरचा हापसा

मी हापसा बोलतोय. पाणी प्यायला आला असाल तर आधीच सांगतो, माझ्याखाली बोअर नाही. टिटवाळ्याच्या एका संस्थेच्या अंगणात चौथऱ्यावर मी उभा आहे आणि खाली एक निळा ड्रम आहे. तो कोणी भरला तर मी पाणी देतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या गावात उभा राहीन. नशिबी आलं ते खोललं जाणं आणि परत जोडलं जाणं. आफ्रिकेतल्या मलावी देशात जाऊन तिथल्या गावांना हापसे दुरुस्त करायला शिकवणारे स्वयंसेवक आधी दहा दिवस माझ्यावर शिकतात. सुरुवातीला राग यायचा. आता येत नाही.

इथे नियम एकच, शिकवणाऱ्याने पान्याला हात लावायचा नाही. तोंडाने सांगायचं, खुणेने दाखवायचं. सगळी हयात हापसे दुरुस्त करण्यात घालवलेला गोपीनाथ पहिल्याच दिवशी सांगतो, "दोन वर्षांनी तुम्ही परत येनार. हापसा तिथंच राहनार. मग त्याला खोलायचं कोनी?"

गेल्या तुकडीत डोंबिवलीच्या उत्तराताई होत्या. रसायनांच्या कारखान्यात तीस वर्षं पंपांची देखभाल करून निवृत्त झालेल्या. त्यांनी मला वीस मिनिटांत खोलून पुन्हा उभं केलं. इतका हुशार हात मला क्वचितच लागला. पण दुसऱ्याच्या हातात पाना दिसला की त्यांना राहवायचं नाही. "दे इकडे, तुला वेळ लागेल," म्हणायच्या आणि घ्यायच्याच. घरी मुलाला साधा बल्ब बदलता येत नाही, असं त्या कौतुकाने सांगत. त्याला कधी करू दिलं असेल तर ना, असं मला वाटायचं.

त्यांच्याच तुकडीतला ठाण्याचा सुदेश बँकेत कारकून होता. त्याला स्वतःलाच काही जमत नव्हतं, त्यामुळे हात मागे ठेवणं त्याला जड गेलं नाही. तो सहज पास झाला.

उत्तराताईंना मात्र पास व्हायचंच होतं. पुढच्या वर्षी त्यांना साठ वर्षं पूर्ण होत होती आणि साठीनंतर संस्था कोणाला पाठवत नाही. "घरात आता माझ्यावाचून कोणाचं अडत नाही हो," असं त्या एकदा गोपीनाथला म्हणाल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

दहाव्या दिवशी परीक्षा झाली. संस्थेत स्वयंपाक करणाऱ्या रतनला वॉशर बदलायला लावायचं होतं. आदल्या दिवशी उत्तराताईंनी तिला सगळं शिकवलं होतं. रतनने झाकण काढलं आणि आतली सळी पकडीत न धरताच तिला दांड्याशी जोडणारी साखळी सोडवायला घेतली. सळी सुटली की थेट पाईपात जाते. उत्तराताईंनी हात पुढे केला.

"अगं, दे इकडे."

रतनने पाना पाठीमागे धरला. "मागं व्हा ताई. मी करते ना."

तिने साखळी सोडली आणि सळी गेली खाली. उत्तराताई चौथऱ्याच्या पायरीवर बसल्या. रतनने तारेचा आकडा केला, तीनदा चुकली, चौथ्यांदा सळी वर आणली. या खेपेला पकड आधी लावली. पाऊण तास गेला, ती भिजली, पण माझ्या तोंडातून पाणी आलं.

"मी पाना मागितला," उत्तराताई म्हणाल्या. "नापास लिहा."

"मागितला तुम्ही," गोपीनाथ म्हणाला. "पन तिनं दिला नाय. हे तिला शिकवलं कोनी?" त्याने कागदावर पास लिहिलं आणि जेवायला गेला.

जायच्या दिवशी उत्तराताई बॅग घेऊन माझ्यापाशी थांबल्या. दांड्याचा नट ढिला झालेला त्यांना लगेच दिसला. पाना शेजारीच पडला होता. त्या स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाल्या, "रतन, सवडीने इकडे बघशील गं," आणि रिक्षात बसल्या.

रतन भाकऱ्या करून झाल्यावर आली. तोवर तासभर मी तसाच उभा होतो.

सोमवारी नवी तुकडी येतेय. हुशार माणसं असतीलच. त्यांना माझं एवढंच मागणं आहे, मला दुरुस्त करायची घाई करू नका. मी थांबेन.