घरचा खोकला

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर हे उरलेले चार दात आत्ता इथं पडोत. हसू नका गं पोरींनो, चारच राहिलेत म्हणून तर त्यांची शपथ भारी.

आमचं गाद्यांचं दुकान. पुढे कापूस पिंजायचं मशीन, मागे आम्ही, मध्ये नुसता पडदा. मशीन सुरू झालं की ताटात कापूस, केसांत कापूस, भुवयांवर कापूस. सून नवी आली तेव्हा तिला वाटलं, सासरची सगळी माणसं अकालीच पिकलीत. आणि सगळे खोकणारे. आमचे हे खोकले की समोरच्या न्हाव्याचा वस्तरा थबकायचा. एकदा थबकला नाही, तर गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. कोण कोणावर चिडलंय, कोणाला भूक लागलीय, सगळं आम्हाला खोकल्यावरून कळायचं.

त्यामुळे बोंडू खोकायला लागला तेव्हा कोणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. बोंडू म्हणजे माझा नातू. कापसाच्या बोंडासारखा गोरा, मऊ, तीन महिने नुकते सरलेले. आधी सर्दी झाली. सर्दी गेली, खोकला राहिला.

“अहो, डॉक्टरांना दाखवूया ना,” सून म्हणायची.

“ताप आहे का?” माझा लेक विचारायचा.

“नाही.”

“मग झालं तर! घरचा खोकला आहे तो. आपल्याकडे कोणाला नाही?”

वर आमचे हे पुस्ती जोडायचे, “गादीवाल्याचं पोर खोकणार नाही तर काय गाणार?”

सुनेनं पाळणा पडद्यापासून लांब, पार मागच्या दाराशी नेला. पडद्यावर ओला पंचा बांधला. तरी खोकला होताच, आणि कापूसही होताच. मग दोष कापसाचा, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पुढे बाजार बंदचा वार आला. मशीन बंद. फरशी आदल्या दिवशीच पुसलेली, खिडक्या उघड्या. आम्ही चहा घेत बसलो होतो. सून बोंडूला पाजत होती. तो दोन घोट प्यायचा, सोडायचा, धापा टाकायचा, पुन्हा तोंड लावायचा, पुन्हा सोडायचा.

एकदम ती म्हणाली, “आई, आज सकाळपासून तुम्ही खोकलात?”

मी आठवून बघितलं. “नाही गं.”

“बाबा, तुम्ही?”

ह्यांनी कप खाली ठेवला. “नाही.”

“मशीन बंद, कापूस नाही, तुम्ही कोणी खोकत नाही. मग हा कोणाचा खोकला खोकतोय?”

बोला आता! आमचं घर इतकं शांत कधी नव्हतं. आणि त्या शांततेत तेवढा एकच खोकला. बारीक, कोरडा, उशीची शिवण टरकन उसवावी तसा.

सुनेनं झबलं वर केलं. श्वास घेतला की बरगड्यांखाली खड्डा पडत होता, गादी दाबून बघताना पडतो तसा. नाकपुड्या फुगत होत्या. पोट भराभर उडत होतं. प्रत्येक गोष्टीवर मला थट्टा सुचते, पोरींनो. तेव्हा नाही सुचली.

“ऊठ,” मी लेकाला म्हटलं.

“आई, पण ताप तर...”

“तापाची वाट बघत बसतोस? ऊठ म्हणते ना!”

लेकानं पोर उचललं आणि छातीशी धरून सुसाट सुटला. रिक्षा मिळेना, तर मोठ्या दवाखान्यापर्यंत पळतच. कोपऱ्यावरची कुत्री भुंकायचं विसरून बाजूला झाली. मी आणि हे मागून धापा टाकत.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आधी झबलं वर करून, घड्याळाकडे बघत त्याचे श्वास मोजले. मग विचारलं, दूध मध्येच सोडतो का? खोकताना ओठ निळे पडतात का? ऐकता ऐकताच त्याला आत घेतलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली.

बाहेर येऊन म्हणाल्या, “एवढ्या बाळाला ताप नसतानाही छातीचा आजार असू शकतो. खोकला रेंगाळला तेव्हाच दाखवायचं होतं. आणि दूध सुटलं, श्वास भरभर चालला, बरगड्या आत ओढल्या गेल्या, तर घरी एक क्षणही थांबायचं नाही.”

“घरातच कापूस पिंजतो आम्ही, सगळेच खोकतो. वाटलं, कापसानं होतंय,” लेक पुटपुटला.

“कापसाचा त्रास त्यालाही आहेच. तुम्ही निदान बाहेर जाता. तो कुठे जाणार?”

आमचे हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खोकलेसुद्धा नाहीत.

मग नुसतं बसणं. नळीकडे बघत बसणं. एका सकाळी तो मध्ये न सोडता पोटभर प्यायला. सुनेनं माझ्याकडे बघितलं.

बोंडू घरी यायच्या आधी मशीन गल्लीपलीकडच्या शेडमध्ये गेलं. हे स्वतः उभे राहून हलवून घेत होते.

तर असं. सगळं खरं, अगदी ती कुत्रीसुद्धा खरी. फक्त एक सांगते, मी सांगितलं असं लेकाला कळू देऊ नका. पोर छातीशी धरून धावला तो माझा लेक नव्हे. ती सून होती, अनवाणी. लेक तिच्या चपला हातात घेऊन मागून पळत होता, “अगं थांब, थांब” म्हणत. ती थांबली नाही.