शांत हॉटेल

ताईचं स्वरयंत्र काढावंच लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती धाकट्या बहिणीला म्हणाली, "त्याआधी दोन दिवस शहरात जाऊन राहू. तू नि मी. पोराबाळांचं लटांबर नको."

ताई शाळेत खेळ शिकवायची. तिच्या एका हाकेला सगळं मैदान थबकायचं. ती कानात कुजबुजली तरी शेजारी उत्तर देतात, अशी घरात थट्टा चालायची. आता आवाज घोगरा झाला होता, पण दबला नव्हता.

धाकटीने मोबाईलवर दोन हॉटेलं काढली. एक जुन्या छापखान्यात थाटलेलं. विटांच्या भिंती, खाली कॅफे, खिडकीखाली बाजार, गच्चीवर संध्याकाळी गाणं-बजावणं. दुसरं नदीकाठी. पांढऱ्या भिंती, जाड गालिचे, आणि शांततेची जाहिरात.

"हे, छापखान्याचं," ताईने लगेच बोट ठेवलं. "काय गलका असेल बघ!"

"म्हणूनच नको. तुला विश्रांती हवीय."

"विश्रांतीचं काय, पुढे आहेच की."

धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि नदीकाठचं बुक केलं.

हॉटेल देखणं होतं. नावं ठेवायला जागा नव्हती. वाढणारी माणसंसुद्धा ओठांतल्या ओठांत बोलायची. सकाळी नाश्त्याला ताईला वडील आठवले. एका पायात स्वतःचा बूट नि दुसऱ्या पायात पाहुण्यांचा घालून ते ऑफिसला गेले होते, आणि दिवसभर पायच सुजलाय म्हणत बसले होते. सांगता सांगता ताईला हसू आवरेना. फाटकं, खरखरीत हसू, पण पोटातून आलेलं.

मॅनेजर टेबलाशी येऊन वाकला. "मॅडम, जरा हळू... बाकीच्या पाहुण्यांना..."

"हो हो, सॉरी," ताई म्हणाली.

धाकटी मात्र ताडकन उठली. "परवा तिचा आवाज कायमचा जाणार आहे! कळतंय का तुम्हाला?"

सगळ्या माना वळल्या. कुणाचा तरी चमचा बशीवर वाजला. मॅनेजर दोन पावलं मागे सरला.

"खाली बस," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझं दुखणं चव्हाट्यावर मांडायला तुला कुणी सांगितलं?"

"छापखान्यात खोली मिळते का बघू?" धाकटीने खोलीवर गेल्यावर विचारलं.

"राहू दे."

त्यानंतर ताई कामापुरतंच बोलली. परतताना गाडीत डोळे मिटून बसली. झोपली नव्हती, हे धाकटीला कळत होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. गळ्याला भोक, त्यात नळी. धाकटी रजा काढून ताईकडे राहिली. नळी साफ करायला ती नर्सकडून शिकली. एका दुपारी तिला राहवलं नाही.

"ताई, माझं चुकलं गं. तू म्हणालीस तिथेच जायला हवं होतं."

ताईने मोबाईल घेतला. बराच वेळ टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं, आणि पडदा तिच्यासमोर धरला.

"हॉटेलचं सोड. आई गेल्यापासून सगळं तुझंच चालतं. मी घसा फोडून सांगितलं तरी तुझ्या कानावरून जायचं. आता तर काय."

धाकटीने तोंड उघडलं. तेवढ्यात ताईला खोकल्याची उबळ आली, नळीत घरघर सुरू झाली. धाकटीने धावत जाऊन हात धुतले आणि कफ ओढायचं यंत्र लावलं. ताईने तिच्याकडे न बघता मान वर केली.