किल्लीचे दात

पेंटर सकाळपासून बूड टेकवत नव्हता. स्टुलावर बसायचा, उठायचा, भिंतीपासून दहा पावलं मागे जायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि पुन्हा पुढे यायचा. चार वाजता कला मंडळाच्या बाई भिंत बघायला येणार होत्या, आणि भिंतीत काढायला एकही खोट उरली नव्हती. खोट सापडली नाही की या माणसाचा जीव खालीवर होतो.

भिंत बस डेपोची, मागच्या बाजूची, चांगली साठ पावलं लांब. वस्त्यांमधल्या कलाकारांनी लोकांना हाताशी धरून काही करावं म्हणून मंडळ छोटी छोटी अनुदानं देतं, हे पेंटरला कळलं ते थोरल्या बहिणीमुळे. फ्लेक्स आल्यापासून त्याच्या पाट्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा धूळ जास्त येत होती. बहिणीने अर्ज आणला, स्वतःच भरला आणि सहीपुरता त्याच्यापुढे धरला. "ही अट नीट ऐक," ती म्हणाली होती. "चित्रं रहिवाशांनी काढायची. तू फक्त दाखवायचं." "हो गं," म्हणून पेंटरने सही ठोकली. त्याचं सगळं लक्ष सहीखालची रेघ सरळ येते का तिकडे होतं.

लोक आले. प्रत्येकाने आपल्या कामातली एक वस्तू काढायची असं ठरलं. शिंपीणबाईंनी कात्री काढली, डेपोतल्या मेकॅनिकने पाना, समोरच्या नर्सने थर्मामीटर. पेंटरने दुकानातले उरलेसुरले ऑइलपेंटचे डबे काढून दिले. कात्रीचं एक पातं दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब झालं, पान्याला बाक आला, थर्मामीटर भेंडीसारखं दिसायला लागलं आणि पेंटर भिंतीकडे पाठ करून डबे पुसत बसला.

आता पाट्या रंगवण्याच्या धंद्यात एक रीत आहे. अक्षरं शिकाऊ भरतो, शेवटचा हात उस्ताद फिरवतो. रंग बाहेर गेला असेल तिथे मागच्या जमिनीचा, म्हणजे पाटीचा, रंग लावून कड कापायची, की अक्षर कसं ताठ उभं राहतं. यात कुणाला अपमान वाटत नाही. उलट उस्तादाने हात फिरवला नाही, तर शिकाऊ रडवेला होतो. पेंटरने पस्तीस वर्षं हेच केलं होतं. तेव्हा दुपारी लोक जेवायला गेले की तो ब्रश घेऊन भिंतीला भिडायचा. जित्याची खोड! लोक परत आले की आपापल्या चित्रासमोर थबकायचे आणि म्हणायचे, "अरेच्चा, आपल्याला येतं की!" शिंपीणबाईंनी तर कात्रीशेजारी उभं राहून फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पेंटर गालातल्या गालात हसत राहिला.

अकरा वाजता किल्लीवाल्यांची बायको आली.

किल्लीवाले म्हणजे डेपोच्या फाटकाशी टेबल मांडून किल्ल्या कापणारे काका. भिंतीवरची हातभर लांब निळी किल्ली त्यांची. हात थरथरत होता, तरी तीन दिवस खपून काढली होती. चौथ्या दिवशी ते हॉस्पिटलात गेले, ते परत आलेच नाहीत. त्याला आता महिना उलटून गेला होता.

"ह्यांची कुठली हो?" काकूंनी विचारलं.

"ही काय! या ना, इथून बघा."

"हॉस्पिटलात सारखे म्हणायचे, भिंतीवर आपल्या घराची किल्ली काढलीये, दातन्‌दात मोजून. जा, बघून ये. पण मला कुठली सवड! त्यांना सोडून कशी येणार?" बोलता बोलता काकूंनी पर्समधून घराची किल्ली काढली, हात लांब करून डोळ्यांसमोर धरली आणि भिंतीवरच्या किल्लीशी ताडून पाहिली. एकदा पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"ही आमची नाही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या हातातल्या किल्लीला पाच दात होते. एक लांब, दोन आखूड, एक सगळ्यांत लांब, शेवटचा मध्यम. भिंतीवरचे पाचही दात मात्र कवायतीला उभे केल्यासारखे सारख्या उंचीचे. काका हॉस्पिटलात गेल्यावर पेंटरने सगळ्यांत आखूड दाताच्या मापाने बाकीचे कापले होते. वेडेवाकडे दात त्याला थरथरत्या हाताची चूक वाटले होते.



"शेवटी शेवटी विसरायचे," काकू किल्ली परत ठेवत म्हणाल्या. "मला एकदा ताई म्हणाले. मी मनावर घेतलं नाही. म्हटलं, माणसं विसरतील, किल्ली नाही विसरायचे. पण घरच विसरले म्हणायचं." मग जाता जाता, चांगलं बोलायचं म्हणून बोलल्या, "चित्र मात्र सुरेख आहे हो. हात अगदी स्थिर आलाय."

त्या गेल्या. पेंटर स्टुलावर बसला, लगेच उठला. ब्रश धुतले. धुतलेले ब्रश पुन्हा धुतले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने स्वतःला दोनदा बजावलं. चार वाजता बाई येतील, खूश होतील, पुढच्या वर्षी दुसरी भिंत मिळेल. काकू आज रडतील, उद्या सावरतील. पण त्या घरी जाऊन रोज त्याच किल्लीने तेच दार उघडणार होत्या, आणि दर वेळी त्यांना वाटणार होतं, की नवरा हे विसरून गेला. पेंटरला स्वतःची किळस आली.

एवढ्यात बहीण फाइल घेऊन आली. त्याने तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे सगळी भिंत तू काढलीस?" तिने कपाळावर हात मारला. "अरे, अट वाचून दाखवली होती तुला!"

"मी फक्त हात फिरवला."

"बाईंना हे कळलं तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही तुला. आणि मलाही."

"माहितीये," पेंटर म्हणाला आणि चालायला लागला.

काकू तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. दार उघडलं तेव्हा पेंटरला धाप लागली होती, तरी तो उंबऱ्यातच बोलून मोकळा झाला. "काकू, ते विसरले नव्हते. मी बिघडवली. दात वर-खाली दिसले म्हणून सारखे केले."

काकूंनी पर्समधून घराची किल्ली पुन्हा काढली.

"सारख्या दातांची किल्ली कुठल्या कुलपाला लागते हो?"

"कुठल्याच नाही," पेंटर म्हणाला.

"मी सकाळपासून त्यांच्यावर रागावून बसलेय," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसावर! जेवलेही नाही." मग त्यांनी चपला घातल्या.

ऑइलपेंटवर पाण्याचा रंग नीट धरत नाही, हे या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. घाईघाईत पेंटरने कडा कापल्या होत्या त्या भिंतीच्या साध्या पाण्याच्या रंगाने. असलं कच्चं काम दुसऱ्या कुणी केलं असतं, तर त्याने चारचौघांत त्याची सालटी काढली असती. आज त्याच कच्चेपणाचे त्याने मनोमन आभार मानले. ओलं फडकं दाबून धरलं आणि नखाने रंग उचलला. पापुद्रा सुटला. खालून निळ्या दाताचं टोक निघालं, कडेला थरथर असलेलं. पहिला दात लांब. दुसरा आणि तिसरा आखूड. काकू किल्ली धरून एकेक ताडत होत्या आणि दर दाताला "हां" म्हणत होत्या.

चौथ्या दाताशी काहीच निघेना. पेंटरला आठवलं. तिथे रंग साकळून गोळा झाला होता, म्हणून त्याने तो पात्याने पार गिलाव्यापर्यंत खरवडला होता.

"हा नाही राहिला, काकू," तो म्हणाला. "हा मी घालवला." आणि बोलता बोलता त्याचा हात आपोआप ब्रशकडे गेला.

"द्या इकडे," काकू म्हणाल्या.

"तुम्ही कधी ब्रश..."

"द्या म्हणते ना!"

तोवर शिंपीणबाई येऊन उभ्या होत्या. बहिणीकडून सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे माझी कात्री माझी नाहीच? आणि मी फोटो पाठवलाय सगळ्यांना!" त्यांनी फडकं भिजवलं आणि कात्रीला भिडल्या. मेकॅनिक आला, नर्स आली. पेंटर इकडून तिकडे नुसता येरझाऱ्या घालत होता. वेडंवाकडं एकेक टोक बाहेर पडत होतं, तसतसे त्याचे हात शिवशिवत होते. शेवटी त्याने ते पाठीमागे घट्ट धरून ठेवले.

चारला मंडळाच्या बाई आल्या तेव्हा भिंतीखाली पापुद्र्यांचा सडा पडला होता. पेंटरने त्यांना सगळं सांगितलं, काहीही लपवलं नाही. बहीण फाइल छातीशी धरून खाली बघत उभी होती. बाईंनी बाक आलेला पाना पाहिला, भेंडीसारखं थर्मामीटर पाहिलं, आणि पेन उघडून विचारलं, "मग काम पूर्ण झालंय असं लिहू, की बाकी आहे?"

पेंटरने तोंड उघडलं. काकूंनी काढलेला चौथा दात खाली जाता जाता डावीकडे कलला होता आणि त्याची कड दोन ठिकाणी फाटली होती.

काकूंनी घराची किल्ली उचलून त्या दाताशी धरली, एक डोळा मिटला, आणि ब्रश बाईंच्या हातात दिला.

"झालंय," त्या म्हणाल्या. "फक्त ह्या पेंटरांना आता हात लावू देऊ नका."