चौथ्या मजल्यावरचे पाहुणे

“वहिनी, जरा डावीकडे घ्या. हं, आता सरळ आहे,” पेचिमुत्तू म्हणाला आणि अंजलै स्टुलावरून खाली उतरली.

भिंतीवर आता पेचिमुत्तू, त्याची बायको वल्ली आणि मुलगी कयल असे तिघे स्टुडिओतल्या निळ्या पडद्यासमोर बसले होते. अंजलै आणि सुप्पय्याच्या लग्नाचा फोटो तिने कपाटात चादरींखाली सारला. तो आकाराने मोठा होता. त्यामुळे नव्या फोटोभोवती भिंतीचा न मळलेला रंग चारही बाजूंनी उघडा पडला होता.

“हे दिसेल की,” ती म्हणाली.

“कुणी बघत नाही एवढं. तपासणीची बाई येईल, नाव विचारेल, दोन खोल्या बघेल, निघून जाईल. तुम्ही दोघं इपोहहून आलात. माझे थोरले भाऊ-भावजय. बस्स.”

“आणि विचारलंच, कधी आलात म्हणून?”

“परवा आलो म्हणायचं.”

खिडकीपाशी खुर्चीत बसलेला सुप्पय्या हसला. “परवाच तर आलो, पेची. एकोणीस वर्षं झाली त्या परवाला.”

अंजलैने स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं.

तामान केलूबी वसाहतीच्या सात इमारतींमधले भाड्याचे फ्लॅट सरकारने तिथे राहणाऱ्या भाडेकरूंनाच विकायला काढले होते. जन्मभर भाडं भरणारी माणसं आता घरमालक होणार होती. जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, खालच्या कॉफीच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. लोक आधीच दारांना रंग लावत सुटले होते. अट एकच होती. भाड्याच्या कार्डावर ज्याचं नाव, तो त्या घरात राहत असला पाहिजे. चार-अकरा नंबरच्या फ्लॅटच्या कार्डावर नाव होतं पेचिमुत्तूचं, आणि राहत होते सुप्पय्या आणि अंजलै.

रबराचा मळा विकला गेला, मजुरांच्या चाळी पाडल्या, तेव्हा घरांसाठी चिठ्ठ्या काढल्या होत्या. पेचिमुत्तूची निघाली, सुप्पय्याची नाही. पेचिमुत्तूला क्लांगला सासऱ्याच्या दुकानावर जायचं होतं. त्याने किल्ली सुप्पय्याच्या हातावर ठेवली. “अण्णा, नाव माझं राहू दे, घर तुझं.” कागद करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. एका मळ्यावर, एका नळावर वाढलेली माणसं. तेव्हापासून दर महिन्याला अंजलै कचेरीच्या खिडकीवर रांगेत उभी राहून भाडं भरत आली आणि पावतीवर पेचिमुत्तूचं नाव घरी आणत आली.

सुप्पय्या लॉरी चालवायचा. सहा वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने त्याचे डोळे नेले. अंजलै शाळेत वर्ग झाडायला जाई, तेव्हा तो दिवसभर एकटा असे. पण या घरात तो आंधळा नव्हता. स्वतः चहा करायचा, आंघोळ करायचा, कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायचा. दाराबाहेर मात्र चार पावलांवर तो भिंत धरून थांबे. म्हणून आजच्या दिवसापुरतं देवळात जाऊन बसा, असं पेचिमुत्तूने सुचवलं, तेव्हा तो म्हणाला होता, “मी जिना उतरणार नाही. पाहुणा म्हण, भिकारी म्हण, पण इथेच बसू दे.”

बाई दहाच्या सुमाराला आली. लिफ्ट बंद असल्यामुळे दमली होती. वय तिशीच्या आतबाहेर, डोक्याला करडा रुमाल, काखेत फायलींचा गठ्ठा. नाव रोहाना. मोठ्या अदबीने तिने सगळ्यांना सलाम केला, वल्लीच्या हातचं सरबत घेतलं. सरबताचे पेले शोधायला वल्लीने कपाटांची तीन दारं उघडली होती. रोहानाने ते पाहिलं की नाही, अंजलैला कळलं नाही.

“घरात कोण कोण असतं?”

“आम्ही दोघं आणि मुलगी. तिचं लग्न झालं,” पेचिमुत्तू म्हणाला.

“स्वयंपाकघर बघू? वायरिंग तपासायला सांगितलंय.”

स्वयंपाकघरात दिवसाही अंधार असे. वल्ली पुढे झाली, भिंतीवरची बटणं तिने खटाखट दाबली. दिवाणखान्यातला पंखा फिरू लागला, मग बाहेरचा दिवा लागला.

“ते नाही,” सुप्पय्या म्हणाला.

आणि सवयीने उठला. टीपॉय टाळून, फळीच्या कोपऱ्यापाशी मान वाकवून तो सरळ स्वयंपाकघरात गेला, फ्रिजच्या मागे हात घातला आणि खटका ओढला. लख्ख उजेड पडला. “हे मागाहून बसवलंय. इथे,” तो म्हणाला आणि आपण पाहुणे आहोत हे आठवून तिथेच थांबला.

रोहानाने त्याच्या पांढुरक्या डोळ्यांकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग फाइल मिटली आणि अंजलैला म्हणाली, “मावशी, जरा बाहेर येता?”

व्हरांड्यात शेजारणीचे कपडे वाळत होते. त्यांच्या आडोशाला दोघी उभ्या राहिल्या.

“काका इपोहहून आलेत ना?”

“हो.”

“मावशी, माझे वडीलपण असेच. डोळे गेलेले. माझ्या भावाकडे गेले की संडास सापडत नाही त्यांना.” ती हळू बोलत होती. “खरं सांगायचं असेल तर आत्ता सांगा. इथे तुम्ही राहता, असं मी लिहीन. मग हा फ्लॅट त्यांना मिळणार नाही.”

“आणि आम्हाला?”

“तुम्हाला सोडावा लागेल. तुमचं नाव नाही ना. नवा अर्ज करता येईल. यादी मोठी आहे. मी खोटी आशा लावणार नाही.”

“आणि खरं नसेल सांगायचं तर?”

“तर तुम्ही पाहुण्या आहात असं लिहायचं आणि तुम्ही सही करायची. नियमच आहे. घरात जो जो सापडेल त्याची सही.”

अंजलैला आतून पेचिमुत्तूचं खाकरणं ऐकू आलं. काल रात्री त्याने मारीअम्मा देवीच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली होती. ‘कागद माझ्या नावाने होऊ दे. तुम्ही दोघं असेपर्यंत या घराला हात लावणार नाही.’ एका बाजूला यादी होती, एका बाजूला शपथ. आणि ज्या माणसाने एकोणीस वर्षांत एकदाही ‘माझं घर’ असा शब्द काढला नव्हता, त्याच्याविरुद्ध तोंड उघडायचं कसं?

“पाहुणेच आहोत,” ती म्हणाली.

रोहानाने पेन पुढे केलं. शाळेच्या मस्टरवर करायची तशीच गोल, सावकाश सही अंजलैने केली.

चार महिन्यांनी कागद झाले. पेचिमुत्तू लाडवांचा डबा घेऊन आला, सुप्पय्याच्या पाया पडला. “आता कुणाची भीती नाही, अण्णा. जा म्हणणारा कुणी उरला नाही.” त्या दिवशी अंजलैने पहिल्यांदा भिंतीत एक नवा खिळा बेधडक ठोकला.

पुढचे सहा महिने सुखाचे गेले. मग एका रविवारी पेचिमुत्तू आला तो चपला काढून दारातच उभा राहिला. चहा नको म्हणाला. पाणीही नको.

“कयल आलीय,” तो म्हणाला. “पोरींना घेऊन. नवऱ्यानं हात मोडलाय तिचा.”

“अरे देवा,” अंजलै म्हणाली. “मग आण ना तिला इकडे. चार दिवस राहील, बरं वाटेल.”

“चार दिवस नाही, वहिनी.”

तेव्हा तिला कळलं, घर सोडावं लागणार. तिने हातातली सुरी खाली ठेवली.

“सासऱ्याच्या घरात आम्हीच कसेबसे. मेहुण्यानं सांगितलं, लेकीला ठेवायचं तर तुम्हीपण निघा. कुठे टाकू तिला? इथे दोन खोल्यांत दोन बिऱ्हाडं मावणार नाहीत. तुम्हीच सांगा.”

“तू शपथ घेतली होतीस.”

“घेतली होती.”

“मारीअम्माची.”

“तिला काय ते बघून घेऊ दे माझं!” पेचिमुत्तूचा आवाज फाटला. “हात मोडलाय पोरीचा, वहिनी. धाकटी रात्री झोपेत ओरडते. मी काय करू?”

“आणि यांनी काय करायचं? दुसऱ्या घरात हे दाराची कडी शोधत बसतील. तुझ्या पोरीला डोळे आहेत, पेची! दोन डोळे आहेत तिला!”

“अंजलै,” सुप्पय्या म्हणाला. “कयलला मी खांद्यावर बसवून मळ्यावर फिरवलंय. येऊ दे तिला.”

अंजलैने त्या रात्री जेवण केलं नाही. सकाळी शाळेत न जाता ती थेट कचेरीत गेली. रोहानाच्या टेबलापुढे उभी राहिली, आणि महिनाभर मनात घोळवल्यासारखं सगळं एका दमात बोलली. आम्हीच राहत होतो. पावत्या आहेत. वीज, पाणी, सगळ्या पावत्या आहेत.

रोहानाने पावत्या पाहिल्या. प्रत्येक पावतीवर पेचिमुत्तू. मग तिने फाइल काढली, एक कागद वर केला. पाहुणी, इपोह, दोन दिवसांसाठी. खाली गोल, सावकाश सही.

“मावशी, मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो गं. तू विचारलं होतंस.”

“आता तुम्ही तक्रार केलीत तर चौकशी होईल. त्यांचं घर जाईल. खोटं लिहून दिलं म्हणून तुम्हालाही बोलावतील. आणि घर तुम्हाला तरीही…” तिने कागद परत फाइलीत ठेवला. “करायची का तक्रार?”

अंजलै उभीच राहिली. तिच्या डोळ्यांपुढे कयल आली, मोडका हात घेऊन दोन पोरींसकट जिन्यात बसलेली. त्या चित्रातही जिना तामान केलूबीचाच होता.

“नवीन अर्जाचा कागद दे,” ती म्हणाली.

खोली शोधताना तिला नवीनच गोष्ट कळली. जागा असते, आंधळ्याला नसते. “गॅस उघडा ठेवला तर?” एक मालकीण म्हणाली. “पडला-झडला तर पोलिस माझ्या दारात,” दुसरा म्हणाला. एका चिनी म्हाताऱ्याने टायरच्या दुकानामागची खोली द्यायचं कबूल केलं. चूल अंगणात, संडास अंगणापलीकडे, मधल्या वाटेवर टायरांच्या राशी. त्या रोज जागा बदलत. अंजलैने सुप्पय्याला तिथे नेलं. त्याने भिंतीवरून हात फिरवला, खाट चाचपली आणि तिच्यावर बसला.

“बरी आहे,” तो म्हणाला. “मी इथेच बसत जाईन.”

“दिवसभर?”

“मग काय.”

बसमध्ये परत येताना ती खिडकीकडे तोंड करून रडली. आवाज होऊ दिला नाही, तरी त्याला कळलं असावं. त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला तो उतरेपर्यंत काढला नाही.

कयल आली त्या दिवशी पेचिमुत्तू वर आला नाही. तो खाली टेम्पोपाशीच थांबला, सामान चढवणाऱ्या माणसांवर उगाच खेकसत. वल्लीला म्हणे ताप होता. कयल एकटी दोन पोरींना घेऊन चार मजले चढली. डावा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. दारात अंजलैला पाहून ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

“काकू, मला आप्पांनी सांगितलं होतं की तुम्ही मुलाकडे जाताय. मुलगाच नाही तुम्हाला, हे मला जिन्यात कळलं. खालच्या बाईनं सांगितलं.”

“ये आत. ऊन लागतं तिथे.”

“मी परत जाते, काकू.”

“कुठे?”

कयल दाराच्या चौकटीला टेकली. तिच्या खालच्या ओठावर जुना व्रण होता. अंजलैने तो पाहिला आणि पोरींचे हात धरून त्यांना आत घेतलं.

मग तिने कयलला घर दाखवलं. गुरुवारी पाणी कमी येतं, बुधवारीच पिंप भरून ठेव. न्हाणीचं दार फुगलंय, उचलून लाव. समोरची म्हातारी एकटी असते, तिचं दार रोज एकदा वाजव. स्वयंपाकघराचं बटण फ्रिजच्या मागे आहे. कयल प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती आणि एकही ऐकत नव्हती.

“नका ना सांगू, काकू.”

“सांगायला नको? मला सगळं शिकायला दोन वर्षं लागली.”

निघायची वेळ झाली. सुप्पय्या काठी घेऊन दाराशी उभा होता. अंजलैने पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

“दूध उतू घातलंस का?” तिने विचारलं.

कयल गोंधळली. “कोण घालणार? कुणीच आलं नाही.”

नव्या घरात पाय ठेवला की पहिल्यांदा दूध उतू घालायचं. ते काम घरातल्या वडील बाईचं. एकोणीस वर्षांपूर्वी अंजलैने किल्लीने दार उघडलं, तेव्हा तिच्याही मनात ते आलं होतं. पण घर दुसऱ्याचं, आपण कशाला, म्हणून तिने नुसता भात टाकला होता.

कयलच्या खोक्यात नवं पातेलं होतं. खालच्या दुकानातून दूध आणायला थोरली पोर धावत गेली. अंजलैने शेगडी पुसली, पातेल्याला हळद लावली, दूध ओतलं आणि कयलला शेजारी उभं केलं. “पूर्वेकडे तोंड कर. उजवा हात चांगला आहे ना? काडी तू ओढ.”

दूध तापायला वेळ लागला. खालून टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही. मग काठाशी बुडबुडे आले, साय वर आली, फुगली, आणि पूर्वेच्या बाजूने फेस पातेल्यावरून खाली आला. शेगडीवर चर्र झालं. करपल्या दुधाचा वास घरभर पसरला.

“आलं?” दारातून सुप्पय्याने विचारलं.

“आलं,” अंजलै म्हणाली. “पूर्वेला आलं. चांगलं आहे.”

कयल रडत रडतच फडकं शोधू लागली. अंजलैने तिचा हात धरला.

“राहू दे. आज पुसायचं नसतं,” ती म्हणाली, आणि गॅस बारीक करून, पिशवी उचलून सुप्पय्याला हात द्यायला दाराकडे गेली.